मिटलेले दार, मोकळी वाट

कुंडलिका नदीच्या एका काठावर जुना जालना आणि समोरच्या काठावर कादराबाद, अशी या शहराची मूळ मांडणी आहे. निजाम-उल-मुल्क आसफजाह याच्या आज्ञेने काबिलखानाने १७२५ मध्ये येथे गढी बांधली. पुढे लष्करी छावणी आली आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वेही आली. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतील कापूस, सरकी, ज्वारी आणि डाळी यांना हक्काची पेठ मिळाली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्या भरभराटीची आठवण आजही जागवते. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये शहराला महानगरपालिका मिळाली. आता हे नाव देशभर बियाण्यांसाठी आणि पोलादी सळयांसाठी घेतले जाते.

या पेठेत जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. मारवाडातून आलेले ओसवाल व खंडेलवाल, गुजरातेतून आलेली घराणी आणि मराठवाड्याच्याच मातीतले सैतवाळ अशा साऱ्यांनी मिळून हा व्यापार उभा केला. श्री गणेशलालजी महाराजांच्या स्मृतीने पावन झालेल्या गुरु गणेश तपोधामाच्या दर्शनासाठी दूरदूरहून भाविक येथे येतात. दर्शन झाले, गोशाळेला चारा दिला की बहुतेक जण परतीची गाडी धरतात. ज्याला सवड असेल त्याने मात्र जुन्या पेठेतील एखादा वाडाही पाहावा. श्रावकाचा आचार स्थानकात आणि मंदिरात दिसतो, तसाच तो त्याच्या घराच्या बांधणीतही उमटलेला असतो.

या वाड्यांची रचना व्यापाराच्या गरजेतून झालेली आहे. रस्त्याच्या अंगाला पेढी. तिथे गादी, तक्के, चोपड्या आणि भिंतीतली तिजोरी. बाजूने ढाळजेतून आत जाणारी वाट, मग चौक, चौकाभोवती ओसरी, त्यामागे माजघर आणि स्वयंपाकघर. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, पांढऱ्या मातीत बांधलेल्या. वर लाकडी तुळयांवर पेललेले मातीचे माळवद. या साऱ्या रचनेत एक दार फार महत्त्वाचे असे. ते म्हणजे पेढी आणि माजघर यांच्यामधले आतले दार. त्या दारातून गादीवरच्या शेठजींना पाण्याचा तांब्या जाई. गावाहून आलेल्या आडत्याच्या जेवणाचा निरोप त्याच दारातून आत येई आणि सूर्यास्ताच्या आत ‘ब्याळू झाली का’ ही हाकही त्यातूनच बाहेर पडे. दिवाळीला वहीपूजन झाले की प्रसादाची ताटे याच वाटेने फिरत.

पुढे काळ पालटला. धान्याचा व्यवहार मोंढ्यात गेला, कारखानदारी औद्योगिक वसाहतीत गेली आणि पेठेतली पेढी भाड्याने दिली गेली किंवा गोदाम झाली. आतले दार मग एकदा लावले गेले ते लागलेच राहिले. काही वाड्यांत कारण निराळे होते. दोन भावांची वाटणी झाली, चौक दोघांत विभागला गेला आणि दोन ओसऱ्यांमधले दार दोन्ही बाजूंनी कडी घालून बंद झाले. एका बाजूने त्याला कपाट टेकले, दुसऱ्या बाजूने गाद्यांची चळत लागली. काही वर्षांनी घरातल्या लहान मुलांना तिथे दार आहे हेही ठाऊक राहिले नाही.

न वापरलेले दार जागेवर निमूट उभे दिसते, पण त्याच्या आड बरेच काही घडत असते. चौकट आणि कपाट यांच्यातल्या चार बोटांच्या फटीत वारा फिरत नाही. माळवदातून झिरपलेली पावसाळी ओल तिथे सुकत नाही. जालना परिसरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. तेवढी ओल मातीच्या भिंतीला पुरेशी असते. मग बुरशी धरते, वाळवी चढते, कोळी जाळी विणतात. बुरशीला आपल्या परंपरेत लीलण-फुलण म्हणतात आणि तिच्यात अनंत जीव मानले जातात. घरात कोणी कोणाला दुखवत नाही, रात्री भोजन होत नाही, पाणी गाळून घेतले जाते. आणि त्याच घरात एका मिटलेल्या दाराआड जीवोत्पत्तीची व विराधनेची जागा नकळत तयार होत राहते. शिवाय पेढीच्या बाजूने येणारा उजेड थांबल्यामुळे माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो.

या अंधाराचा विचार आगमांनी फार पूर्वी केलेला आहे. दशवैकालिक सूत्राच्या पिंडैषणा अध्ययनात गोचरीला निघालेल्या साधूसाठी दारासंबंधी दोन सूचना येतात. घरमालकाच्या अनुमतीवाचून पडदा सारू नये आणि लावलेले कवाड ढकलू नये, ही एक. ज्या कोठीचे दार ठेंगणे आहे आणि जी काळोखी आहे ती टाळावी, ही दुसरी. दुसऱ्या सूचनेचे कारणही तिथेच दिले आहे. जिथे डोळ्यांना दिसत नाही तिथे पायाखालचे जीव नीट पाहता येत नाहीत. दिगंबर परंपरेत श्रावक आपल्या दाराशी उभा राहून मुनींचे पडगाहन करतो आणि त्यांना चौक्यात नेतो. तिथेही वाट मोकळी, कोरडी आणि उजेडाची असणे तितकेच आवश्यक असते. दोन्ही परंपरांचा रोख एकच आहे: पाहून चालता यावे.

इथे एक गोष्ट सावधपणे समजून घेतली पाहिजे. साधू-साध्वींच्या सोयीसाठी म्हणून दार मोठे करायला निघालेला श्रावक त्यांची सोय करत नाही, उलट त्यांना दोषात ओढतो. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात, निवासाच्या नियमांमध्ये, याचा स्पष्ट उल्लेख आहे. गृहस्थाने साधूंच्या निमित्ताने लहान दारे मोठी केली किंवा मोठी दारे लहान केली, तर ती जागा साधूंनी तशीच स्वीकारू नये, असे तिथे सांगितले आहे. म्हणून दार मोकळे करायचे ते स्वतःच्या घरासाठी; आपल्या हातून होणारी विराधना कमी व्हावी, वृद्धांना अडखळण्याचे भय राहू नये, माणसे एकमेकांना दिसावीत यासाठी. घर असे झाले की त्याचा लाभ येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप होतो.

भगवती सूत्रात तुंगिया नगरीच्या श्रमणोपासकांचे वर्णन आहे. व्यापारी कुटुंबांनी ते आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. ते श्रावक संपन्न होते, त्यांची घरे विस्तीर्ण होती आणि ते पैशाच्या देवघेवीचा व्यवसाय करीत. त्यांच्या संपत्तीबरोबर सूत्रकारांनी त्यांच्या दारांचीही नोंद घेतली आहे: अडसर वर उचललेले आणि दारे उघडी. ज्याच्या घरात पैसा आहे त्याचे दार सहसा आधी बंद होते. या श्रावकांचे तसे झाले नाही, हेच तिथे त्यांचे भूषण ठरले.

जालन्याहून वेरूळ सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि तपोधामाला आलेले अनेक यात्रेकरू पुढे तिकडे जातात. तेथील ३० ते ३४ क्रमांकांची लेणी जैन आहेत. इंद्रसभा आणि जगन्नाथसभा ही त्यांतील दोन दुमजली लेणी खाली वेगवेगळी वाटतात, पण वरच्या मजल्यावर एकातून दुसऱ्यात जाता येते. मधल्या खडकातून काढलेल्या त्या वाटेला कवाड नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या वाटेतून पलीकडे गेलेल्या माणसाला जालन्याच्या वाड्यातले बंद दार निराळ्या नजरेने दिसू लागते.

असे दार मोकळे करण्याचे काम लहान दिसले तरी घाईने करण्याजोगे नाही. पहिली गोष्ट काळाची. आषाढी चौदस-पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चातुर्मास. त्या काळात ओल असते, जीवोत्पत्ती अधिक असते. म्हणून तोडफोड टाळावी. कार्तिकी पौर्णिमेनंतर, भिंत कोरडी झाल्यावर काम धरावे. कपाट हलवण्याआधी दिवसा, भरपूर उजेडात, ती जागा नीट पाहावी. मऊ पुंजणीने वरपासून खालपर्यंत पुंजून घ्यावे. चौकटीच्या माथ्यावर किंवा झरोक्यात पारव्याचे घरटे असेल तर काम थांबवावे. अंडी उबायला अडीच आठवडे आणि पिल्ले उडायला आणखी महिना-सव्वा महिना लागतो. इतकी वर्षे मिटून राहिलेल्या दाराला हे दोन महिने जड नसतात.

दुसरी गोष्ट भाराची. जुन्या वाड्यांत माळवदाचे ओझे कुठे लाकडी खांब-तुळयांवर असते, तर कुठे ते थेट भिंतीवर येते. मातीचे माळवद फार जड असते आणि दरवर्षी त्यावर नवी माती टाकल्याने ते आणखी जड होत जाते. म्हणून आधी जाणत्या गवंड्याला आणि बांधकाम अभियंत्याला दाखवून तुळया कोणत्या दिशेने गेल्या आहेत हे समजून घ्यावे. दार आहे त्याच मापाचे ठेवून फक्त कवाडे काढायची असतील, तर चौकट आणि तिच्यावरची लाकडी पट्टी यांना हात लावण्याचे कारण पडत नाही. हाच मार्ग बहुतेक घरांसाठी चांगला. जुनी आतली दारे ठेंगणी, बहुधा साडेपाच फुटांच्या आतली असतात. ती उंच किंवा रुंद करायची असतील, तर दोन्ही बाजूंनी भक्कम टेकू द्यावे. भिंतीच्या निम्म्या जाडीत आधी लोखंडी गर्डर बसवावा, तो भार घेऊ लागल्यावर उरलेल्या निम्म्यात दुसरा बसवावा. गर्डरला दोन्ही बाजूंच्या भिंतीवर किमान सहा ते आठ इंच टेकण मिळाले पाहिजे आणि त्याखाली दगड असला पाहिजे, कारण पांढरी माती एका बिंदूवरचा भार सोसत नाही.

तिसरी गोष्ट चौकटीची. जुन्या सागवानी चौकटी सहसा मजबूत निघतात. हातोडीच्या दांड्याने हळू वाजवून पाहिले की पोकळ जागा कळते. वाळवी बहुधा जमिनीलगत लागलेली असते. विषारी फवारणी श्रावकाच्या मनाला पटत नाही आणि त्याहून अधिक टिकाऊ उपाय उपलब्धही आहे. खराब झालेला खालचा हात-दीड हात भाग कापून तिथे नव्या सागाचा तुकडा सांधावा आणि चौकटीचे पाय मातीत न पुरता दगडी बैठकीवर टेकवावेत. लाकूड आणि ओली माती यांची गाठ तुटली, वारा खेळू लागला की वाळवी परतून येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. कवाडे काढल्यावर चुळीची भोके, कडी-कोयंड्याच्या खाचा आणि अडसराची खोबण सागाच्या खुंट्यांनी बुजवावीत. रंगांचे जुने थर खरवडून काढले की खालची कोरीव वेल किंवा अष्टमंगलाची चिन्हे पुष्कळदा पुन्हा दिसू लागतात. शेवटी जवसाच्या तेलाचा हात द्यावा. तो सकाळी द्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत तेल बरेच मुरते. रात्री दिव्याच्या उजेडात ओल्या तेलाला किडे चिकटतात.

भिंतीच्या कडांना सिमेंट लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. मातीची भिंत श्वास घेते. सिमेंटचा थर ओल आत कोंडतो आणि दोन-चार पावसाळ्यांत पापुद्र्यांसकट गळून पडतो. कळीचा चुना गाळलेल्या पाण्यात भिजवून दोन-तीन आठवडे मुरवावा, हौद जाळीने झाकलेला ठेवावा आणि बारीक वाळू मिसळून त्याचाच गिलावा करावा. कडा किंचित गोलसर ठेवल्या तर ये-जा करताना टवके उडत नाहीत. उंबरठा उंच असेल आणि घरात वृद्ध असतील, तर तो काढून त्या जागी शहाबादी फरशी बसवावी आणि दोन खोल्यांच्या जमिनीत फरक असल्यास हलका उतार द्यावा. काढलेली कवाडे भंगारात देऊ नयेत. त्यांच्या फळ्यांतून ग्रंथांसाठी चांगले कपाट होते. आजोबांच्या हाताने घासून गुळगुळीत झालेली कडी त्यालाच लावता येते.

प्रत्येक मिटलेले दार उघडलेच पाहिजे असे मात्र नाही. पेढी भाड्याने दिलेली असेल तर मधली वाट बंदच हवी. दोन्ही कुटुंबांची मर्यादा त्यात आहे. सामायिकाच्या खोलीला निवांतपणा लागतो. सूनबाईंना आपले म्हणता येईल असे एक तरी बंद होणारे दार घरात असावे. एकत्र कुटुंबात मोकळेपणाचा भार बहुधा तिच्यावरच पडतो आणि तिला विचारल्याशिवाय कोणतीही वाट मोकळी करू नये. कवाडे काढलेल्या वाटेला जाड सुती पडदा लावला, तर उन्हाळ्यातली झळ अडते आणि हवी तेव्हा आडही मिळते.

राहता राहिले वाटणीचे दार. इथे गवंडी आणि सुतार यांचे काम शेवटी येते. दोन भावांच्या नावावर दोन मालमत्ता असतील, तर मधली भिंत दोघांची असते. नगर भूमापनाच्या नकाशात ती रेषा म्हणून नोंदलेली असते. दोघांची लेखी संमती घ्यावी, महानगरपालिकेची परवानगी लागत असल्यास तीही घ्यावी आणि दार मोकळे झाल्याने कोणाचा हक्क वाढत वा घटत नाही, हे कागदावर स्पष्ट लिहावे. व्यापारी माणसाला लेखी व्यवहाराचे महत्त्व सांगावे लागत नाही. उद्याच्या पिढीत किंतू राहू नये यासाठी ते अधिकच आवश्यक आहे.

पण लेखापूर्वी बोलणे व्हावे लागते आणि ते अधिक कठीण असते. एखादा वाडा डोळ्यांपुढे आणावा. संवत्सरीचे प्रतिक्रमण संपले आहे, किंवा क्षमावाणीचा दिवस आहे. धाकटा भाऊ ढाळजेतून रस्त्यावर येतो, वाड्याला वळसा घालून थोरल्याच्या दाराशी जातो, हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो आणि त्याच वाटेने परत येतो. वर्षातून एकदा एवढे होते, रीत पाळली जाते. दोघांच्या मध्ये मात्र फक्त दीड फूट जाडीची भिंत असते आणि तिच्यात वाडवडिलांनी करून ठेवलेले दारही असते. ज्या कारणाने ते बंद झाले ते कारण कधीकधी दोघांनाही नीट आठवत नाही. कुठे तराजूचा वाटा कमी-जास्त झाला, कुठे एखादा शब्द लागला. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणाऱ्या ओठांना पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी मात्र बोलायला शब्द सापडत नाही.

अशा वेळी कपाट हलवण्याचा पहिला शब्द कोणी काढायचा, हाच खरा प्रश्न असतो. पेढीवर थकलेले येणे वसूल करताना शेठजी पहिला निरोप पाठवायला संकोचत नाहीत. तो व्यवहार असतो. इथेही थोरल्याने धाकट्याची किंवा धाकट्याने थोरल्याची वाट पाहत राहू नये. कोण आधी बोलले याची नोंद कोणत्याच चोपडीत होत नाही. दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्या बायका एकमेकींशी बहुधा बोलतच असतात, तिथून सुरुवात होऊ शकते. मुलांच्या लग्नात मांडव एकच घालायचा ठरतो, आजी दोन्हीकडे येऊ-जाऊ शकावी असे कोणाला वाटते, अशी साधी निमित्ते पुरतात. दार लगेच मोकळे झाले नाही तरी चालेल. आधी दोन्ही बाजूंच्या कड्या काढाव्यात, कवाड लोटून ठेवावे आणि काही महिने तसेच जाऊ द्यावेत. त्याची दोन्ही घरांना सवय झाली की मग कवाडे काढण्याचे ठरवावे.

चौकट पुसून झाली, चुना सुकला, फरशी बसली की घराच्या रीतीप्रमाणे नवकार म्हणून त्या वाटेने प्रथम घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला जाऊ द्यावे. तिने ते दार उघडे असतानाचे दिवस पाहिलेले असतात. उंबरठा कुठे होता, अडसर कुठल्या कोपऱ्यात ठेवत, कोणत्या कोनाड्यात पाण्याचा तांब्या असे, हे ती नातवंडांना सांगेल. तेवढे नातवंडांनी लक्षपूर्वक ऐकावे आणि जमल्यास वहीत लिहून ठेवावे.